विश्लेषण : नवी ऑपरेटिंग सिस्टीम लांबली की लोक इतके का चिडतात? विंडोज व्हिस्टा ते सिरी, उशिरांचा हिशोब

अ‍ॅपलने ७ मार्च २०२५ रोजी एक छोटं निवेदन दिलं. जून २०२४ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेल्या नव्या, जास्त हुशार सिरीला वाटलं होतं त्यापेक्षा अधिक वेळ लागणार, ती येत्या वर्षभरात येईल, एवढाच त्याचा आशय होता. त्यानंतर काही दिवसांतच त्या सिरीची जाहिरात यूट्यूबवरून गायब झाली. मार्च संपायच्या आत अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने खटलाही दाखल झाला.

सॉफ्टवेअर उशिरा येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. खेळ, अ‍ॅप, अपडेट, सगळंच लांबत असतं आणि लोक दोन दिवस चिडून विसरूनही जातात. मग काही उशीर खटल्यापर्यंत का जातात? आणि काही उशीर लोक हसतखेळत का सोडून देतात?

याचं उत्तर शोधायचं तर संगणकाच्या इतिहासातल्या सर्वात गाजलेल्या उशिराकडे, म्हणजे विंडोज व्हिस्टाकडे पाहावं लागतं.

२१ मार्च २००६ रोजी काय झालं?

त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज व्हिस्टा नाताळच्या हंगामात दुकानात येणार नाही. एकगठ्ठा परवाने घेणाऱ्या कंपन्यांना ती नोव्हेंबर २००६ मध्ये मिळेल, सामान्य ग्राहकांना मात्र जानेवारी २००७ पर्यंत थांबावं लागेल. विंडोजची जबाबदारी सांभाळणारे जिम ऑलचिन यांनी कारण दिलं ते दर्जाचं आणि सुरक्षेचं. काम पूर्ण व्हायला आणखी काही आठवडे हवे होते. ते आठवडे धरले तर काही संगणक कंपन्यांना सणाच्या आधी माल तयार करता आला असता, काहींना नसता. म्हणून सगळ्यांसाठीच जानेवारी ठरवला, असं कंपनीचं म्हणणं होतं.

वरवर पाहिलं तर हा उशीर दोन-तीन महिन्यांचाच होता. पण दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा शेअर घसरला. २३ मार्चला विंडोज विभागात फेरबदल जाहीर झाले आणि ऑफिस विभागातल्या स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्याकडे विंडोजच्या पुढच्या बांधणीची सूत्रं गेली. लगोलग ऑफिस २००७ सुद्धा सामान्य ग्राहकांना जानेवारीतच मिळणार हे स्पष्ट झालं. मे महिन्यात गार्टनर या सल्लागार संस्थेने तर व्हिस्टा जानेवारीतही येणार नाही, २००७ ची दुसरी तिमाही उजाडेल, असा अंदाज वर्तवला. मायक्रोसॉफ्टने तो फेटाळला. या वेळी कंपनी बरोबर ठरली. ३० नोव्हेंबर २००६ रोजी कंपन्यांना आणि ३० जानेवारी २००७ रोजी सर्वांना व्हिस्टा मिळाली.

मग दोन-तीन महिन्यांसाठी एवढा गहजब का? कारण लोक त्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब करतच नव्हते.

गाडी मुळात अडली कुठे?

व्हिस्टाचं जुनं सांकेतिक नाव होतं 'लाँगहॉर्न'. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी आली. लाँगहॉर्न ही एक्सपी आणि त्यानंतरची मोठी विंडोज यांच्या मधली एक छोटी पायरी असेल आणि २००३ च्या सुमारास येईल, असा सुरुवातीचा बेत होता.

पण छोट्या पायरीवर मोठी स्वप्नं चढत गेली. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टने हजारो प्रोग्रॅमरांसमोर लाँगहॉर्न दाखवली. पडद्यावरचं चित्र रेखाटण्याची नवी पद्धत, प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याची नवी पद्धत आणि फाइली साठवण्याची नवी पद्धत, असे तिचे तीन खांब सांगण्यात आले. यातला तिसरा खांब म्हणजे 'विनएफएस'. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये टाकली हे आठवत बसायचं नाही. 'गेल्या महिन्यात अमक्याने पाठवलेले फोटो' असं विचारलं की संगणकाने ते पुढ्यात ठेवायचे, अशी ती कल्पना होती.

त्याच काळात विंडोजवर संकट आलं. जानेवारी २००३ मध्ये 'स्लॅमर' आणि ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' या घातक प्रोग्रॅमनी जगभरातले संगणक आणि नेटवर्क ठप्प केले. त्यामुळे चालू एक्सपीची भोकं बुजवणं हे पहिलं काम झालं. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ साठी लाँगहॉर्नवरचे अनेक इंजिनिअर तिकडे वळवावे लागले.

इकडे लाँगहॉर्नचा पसारा आवरेनासा झाला होता. एका भागात केलेला बदल दुसऱ्या भागाला मोडत होता. २००४ च्या उन्हाळ्यात ऑलचिन यांनी बिल गेट्स यांना हे अशा पद्धतीने जमणार नाही, असं सांगितल्याचं नंतर वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं. अखेर तोवरचं बरंचसं काम बाजूला ठेवून, विंडोज सर्व्हर २००३ चा त्यातल्या त्यात पक्का पाया घेऊन पुन्हा बांधणी सुरू झाली. २७ ऑगस्ट २००४ रोजी कंपनीने जाहीर केलं की लाँगहॉर्न २००६ मध्ये येईल, पण विनएफएसशिवाय.

म्हणजे मार्च २००६ ची बातमी आली तेव्हा लोकांच्या खात्यात आधीच तीन वर्षांचा उशीर आणि एक मोडलेलं वचन जमा होतं.

कोण चिडलं आणि का?

व्हिस्टाच्या वेळी सगळे एकाच कारणाने चिडले नव्हते. ज्याने त्या तारखेवर जे लावलं होतं, त्यावरून त्याची प्रतिक्रिया ठरत होती.

*संगणक कंपन्या आणि दुकानदार :* घरगुती संगणकांची मोठी विक्री नाताळच्या आसपास होते. त्या वेळी जगातल्या दहापैकी नऊहून अधिक संगणकांवर विंडोज होती. 'नवी विंडोज जानेवारीत येतेय' हे कळल्यावर ग्राहक डिसेंबरमध्ये कशाला संगणक घेईल? म्हणून मग २६ ऑक्टोबर २००६ पासून एक योजना आणली गेली. आत्ता एक्सपीचा संगणक घ्या, व्हिस्टा आल्यावर ती फुकटात किंवा सवलतीत मिळेल. हंगाम असा सावरून घ्यावा लागला.

*मोठी कार्यालयं :* यांचा राग सर्वात समजण्यासारखा होता. २००१-०२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स' नावाची परवाना पद्धत आणली होती. डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी परवान्याच्या किमतीच्या २९ टक्के रक्कम दर वर्षी भरायची आणि कराराच्या काळात नवी आवृत्ती आली तर ती वेगळे पैसे न देता मिळवायची. करार साधारण तीन वर्षांचा असायचा. ज्यांनी २००२ मध्ये सही केली, त्यांची तीन वर्षं संपली तरी डेस्कटॉपसाठी नवी विंडोज आलीच नाही. त्यांनी न आलेल्या मालाचे हप्ते भरले होते.

*गुंतवणूकदार :* त्यांना दोन-तीन महिन्यांपेक्षा दुसरीच काळजी होती. जगातली सर्वात मोठी सॉफ्टवेअर कंपनी स्वतःचं मुख्य उत्पादन ठरल्या वेळेला बाहेर काढू शकत नसेल, तर पुढे काय?

*कंपनीतले कर्मचारी :* 'मिनी-मायक्रोसॉफ्ट' या टोपणनावाने इंटरनेटवर लिहिणाऱ्या एका निनावी कर्मचाऱ्याने या घोषणेनंतर नेतृत्वालाच घरी पाठवा, अशी मागणी केली. त्याखाली शेकडो प्रतिक्रिया पडल्या, त्यातल्या अनेक आपण आतले आहोत असं सांगणाऱ्यांच्या होत्या. आपण रात्रंदिवस राबलो आणि चुकीचे निर्णय घेणारे तसेच राहिले, ही त्यांची सल होती.

*सामान्य वापरकर्ते :* गंमत म्हणजे यांच्यातले बरेचजण फारसे चिडलेच नाहीत. त्यांची एक्सपी व्यवस्थित चालत होती. त्यांचा राग पुढे आला, आणि तो उशिरावर नव्हता.

माणसं वाढवली असती तर?

उशीर झाला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. कंपनीकडे पैशाला तोटा नव्हता. मग हजारभर प्रोग्रॅमर आणखी का लावले नाहीत?

१९६० च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० ही प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीम अशीच लांबली होती. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्याचा धडा मांडला. आधीच लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर ते आणखी लांबतं. नव्या माणसांना काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलून घ्यायच्या गोष्टी भराभर वाढतात. विहीर खणायला दहा माणसं जास्त लावता येतील, पण ऑपरेटिंग सिस्टीमचे भाग एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तिथे हे गणित चालत नाही.

थांबून तरी चांगलं मिळालं का?

दर्जासाठी उशीर करतोय, असं कंपनी म्हणाली होती. त्यामुळे व्हिस्टा आली तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या. सुरक्षेच्या बाबतीत व्हिस्टा एक्सपीपेक्षा खरोखर सरस होती. पण अनेकांचे प्रिंटर आणि इतर जोडणीची यंत्रं नव्या ड्रायव्हरविना चालेनात. साध्या संगणकांवर ती संथ वाटू लागली. जुलै २००७ मध्ये एसरचे प्रमुख जानफ्रँको लांची यांनी एका वृत्तपत्राशी बोलताना सगळा संगणक उद्योगच व्हिस्टावर निराश असल्याचं उघडपणे सांगितलं.

सर्वात मोठा वाद झाला तो एका स्टिकरवरून. व्हिस्टा येईपर्यंत एक्सपीच्या संगणकांची विक्री थांबू नये म्हणून २००६ मध्ये संगणकांवर 'विंडोज व्हिस्टा केपेबल' असं स्टिकर लावलं जात होतं. हा संगणक व्हिस्टा चालवू शकेल, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात त्यातले काही संगणक फक्त सर्वात साधी आवृत्ती चालवू शकत होते. जाहिरातीत दिसणारा काचेसारखा आरपार पडदा त्यांच्यावर दिसतच नव्हता.

ग्राहकांनी २००७ मध्ये खटला भरला आणि त्यात कंपनीतल्या लोकांचे ई-मेल उघड झाले. इंटेलची एक जुनी चिप मूळ निकषात बसत नव्हती, ती बसावी म्हणून निकष सैल केल्याचं त्यातून दिसलं. मूळ निकषावर विश्वास ठेवून चांगल्या ग्राफिक्सवर पैसे घातलेल्या एचपीने यावर नाराजी कळवली होती. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने घेतलेला महागडा लॅपटॉप नव्या विंडोजवर ई-मेल पाहण्यापुरताच उरला, अशी तक्रार त्याने मेलमध्ये केली होती. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने या ग्राहकांना एकत्र गट म्हणून लढण्याची दिलेली परवानगी काढून घेतली. त्यामुळे ग्राहक जिंकले असं म्हणता येत नाही. पण बदनामी व्हायची ती झाली.

उशिराच्या काळात विक्री टिकवण्यासाठी दिलेलं हे आश्वासन कंपनीला प्रत्यक्ष उशिरापेक्षा जास्त महागात पडलं.

लेपर्डच्या वेळी एवढी ओरड का झाली नाही?

व्हिस्टा येऊन तीन महिने होतात न होतात तोच अ‍ॅपलचीही तीच गत झाली. मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टीम 'लेपर्ड' २००७ च्या वसंतात येईल, असं स्टीव्ह जॉब्स यांनी ऑगस्ट २००६ मध्ये सांगितलं होतं. नंतर जूनची चर्चा होती. १२ एप्रिल २००७ रोजी अ‍ॅपलने ती ऑक्टोबरवर ढकलली. कारण सरळ सांगितलं. जूनअखेरीस पहिला आयफोन बाजारात आणायचा आहे आणि त्यासाठी मॅकच्या चमूतले महत्त्वाचे इंजिनिअर आणि तपासनीस तिकडे द्यावे लागले आहेत.

मॅकचे चाहते कुरकुरले. फोनपुढे आमचा मॅक सावत्र झाला, अशी टीका झाली. पण व्हिस्टासारखं वादळ उठलं नाही. एक म्हणजे उशीर काही महिन्यांचाच होता आणि त्याचं कारण पटण्यासारखं होतं. दुसरं, लेपर्डच्या नावाने कुणाकडून आगाऊ पैसे घेतलेले नव्हते. तिसरं, मॅकचं यंत्र आणि सिस्टीम एकाच कंपनीची, त्यामुळे तारखेवर विसंबलेल्या दुसऱ्या कंपन्या कमी होत्या. २६ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे नव्या शब्दाप्रमाणे ऑक्टोबरमध्येच, लेपर्ड आली आणि विषय संपला.

आणि घाई केली तर?

उशिरावर ओरड होते म्हणून वेळेत द्यावं, तर त्याचंही एक उदाहरण आहे. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबरला बाहेर काढलं. काही लोकांच्या फोल्डरांमधल्या फाइली त्यात पुसल्या गेल्या. कंपनीने ६ ऑक्टोबरला अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून ते १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. अशा तक्रारी वापरकर्त्यांपैकी ०.०१ टक्का लोकांच्याच होत्या, असं कंपनीने सांगितलं. पण ज्याचे कागद गेले त्याला टक्केवारीचा काय उपयोग? शिवाय चाचणीच्या काळात काही स्वयंसेवकांनी हाच दोष कळवला होता, तो इतर तक्रारींच्या ढिगात दबून गेला.

व्हिस्टाला झालेल्या उशिराने वेळ आणि पैसा गेला. २०१८ च्या घाईत काहींच्या आयुष्यभराच्या फाइली गेल्या. म्हणूनच, काम तयार नसेल तर तारीख पुढे ढकलणं हा निर्णय बहुतेक वेळा शहाणपणाचाच असतो.

उशिराचा भारतातल्या एटीएमशी काय संबंध?

एक्सपी आणि व्हिस्टा यांच्यात पाच वर्षांहून अधिक अंतर पडलं. इतक्या काळात एक्सपी कार्यालयं, दवाखाने, कारखाने आणि बँकांच्या यंत्रांत घट्ट रुजली. व्हिस्टाचं नाव खराब झाल्यामुळे अनेक कंपन्यांनी ती टाळून थेट ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ची वाट पाहिली. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, म्हणजे तिच्यासाठी सुरक्षेची नेहमीची अपडेट बंद झाली. एक्सपी मात्र वापरात राहिलीच.

भारतात तर चार वर्षांनंतरही अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना वेळापत्रकच आखून दिलं. जुन्या, आधार संपलेल्या सिस्टीमवरची एटीएम सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी बदला, असं सांगितलं.

याचा सगळा दोष व्हिस्टाच्या उशिराला देता येणार नाही. बँकांनी खर्चाला केलेली टाळाटाळही त्यात होती. पण एखादी सिस्टीम फार काळ एकटीच राहिली की तिच्यावरचं अवलंबित्व वाढतं आणि पुढे ती सोडवत नाही, हे यातून दिसतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला तेव्हाही जगभरात असंख्य लोकांपुढे हाच पेच उभा राहिला.

मग सिरीवरून खटला का झाला?

आता पुन्हा २०२५ कडे येऊ. सिरी ही ऑपरेटिंग सिस्टीम नाही, तिच्यातला एक भाग आहे. पण इथे लोकांनी काय लावलं होतं ते पाहा. जून २०२४ मध्ये नवी सिरी जाहीर झाली. सप्टेंबरमध्ये आयफोन १६ आला आणि नव्या सिरीची जाहिरात तो फोन विकण्यासाठी वापरली गेली. अनेकांनी फोन घेतला आणि मार्चमध्ये त्यांना कळलं की जाहिरातीत दिसलेली गोष्ट फोनमध्ये नाही, लवकर येणारही नाही. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन' या संस्थेनेही 'आत्ता उपलब्ध' हा दावा बदलण्याची किंवा मागे घेण्याची शिफारस केली.

लेपर्डच्या वेळी अ‍ॅपलने फक्त तारीख चुकवली होती. सिरीच्या वेळी न झालेल्या कामाच्या नावावर माल विकल्याचा आरोप तिच्यावर झाला. व्हिस्टाच्या स्टिकरची गोष्टही याच जातीची होती.

मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून एक गोष्ट शिकून घेतली. सिनॉफ्स्कींच्या हाताखाली विंडोज ७ तयार होत असताना कंपनी तोंड बंद ठेवून होती. व्हिस्टानंतर साधारण तीन वर्षांनी ती येईल, एवढंच सांगितलं आणि ती तीन वर्षं पुरी व्हायच्या आत दिली. काम पक्कं झाल्याशिवाय त्यातलं काय येणार, हे सांगितलं नाही. विंडोज ७ च्या वेळी उशिरावरून ओरड झाली नाही, कारण मोडायला मोठं वचनच नव्हतं.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर काय पाहावं?

टाइमलाइनवर 'अमुक सिस्टीम लांबणीवर' असं दिसलं की थट्टा करायला मीम तयारच असतात. पण तीन प्रश्न आधी विचारून पाहावेत. या वचनाच्या बदल्यात कुणी पैसे आधीच दिले आहेत का? कंपनी उशिराचं कारण स्पष्ट सांगतेय का, की 'दर्जासाठी' एवढंच म्हणून मोकळी होतेय? आणि नवी तारीख येईपर्यंत त्याच न आलेल्या गोष्टीच्या नावावर काही विकलं जातंय का?

तिन्ही उत्तरं बरी असतील तर उशीर सोसावा, त्यात वापरणाऱ्याचंच हित असतं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर चिडणाऱ्यांचं बरोबर आहे. आणि नवा फोन किंवा लॅपटॉप घेणाऱ्याने तर तो आज जे करतो त्याचेच पैसे द्यावेत. पुढे कधीतरी अपडेटमधून येणाऱ्या गोष्टीची किंमत ती आल्यावर ठरवता येते.